खर्ज लावणारी जीप

साठच्या पुढे काटा गेला की आतला आरसा निकामी होतो. मागून येणारी एसटी आधी एक दिसते, मग दीड दिसते, मग नुसता लालसर धूर उरतो. डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती जागच्या जागी डोलायला लागतो. पायाखालच्या पत्र्यातून पोटरीपर्यंत मुंग्या आल्यासारखी थरथर चढते आणि कानात ‘घूंऽऽ’ भरून राहतं. जीपचा मालक कागलकडचा तिशीतला ऊस बागायतदार. माझा तळवा गिअरच्या दांड्यावर ठेवून तो म्हणाला, “मोबाईल व्हायब्रेटवर ठेवल्यागत वाटतंय का न्हाई?”

वाटत होतं. फक्त हा मोबाईल कुणी उचलत नव्हतं.

आठ महिन्यांत त्याने चारही टायर दोनदा बॅलन्स करून घेतले होते, इंजिनाखालची रबरं बदलली होती, मागच्या शाफ्टचे क्रॉस तीन वेळा नवे घातले होते. प्रत्येक वेळी दोन-चार दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा घूं. गाडी चार इंच उचलण्याआधी यातलं काहीच नव्हतं, हे तो सांगत होता. पण तक्रार म्हणून नव्हे, कौतुकाने. उंची त्याला प्यारी होती. आवाज तेवढा नको होता.

मी तिथे पोचलो ते संपादकांमुळे. यंदाच्या अंकाचा विषय ‘कोन’ असं त्यांनी फोनवर सांगितलं आणि वर पुस्ती जोडली, “दृष्टिकोन सोडून काहीही चालेल.” मग मी कॅरमपासून कौलारू छपरापर्यंत बरंच काही मनात घोळवलं. शेवटी कोल्हापूरच्या एका मित्राने सुचवलं, की कोनामुळे झोप उडालेला माणूस बघायचा असेल तर ये.

जॉइंटवाले मामा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शिरलं की पत्ता विचारावा लागत नाही, आवाज विचारावा लागतो. एका बोळात लेथ, दुसऱ्यात ओतकाम, तिसऱ्यात ऑइल इंजिनाचे सुटे भाग. मालक आणि मी जीप घेऊन ज्यांच्याकडे आलो, त्या मामांचं दुकान शाफ्टचं. इथे प्रोपेलर शाफ्ट असं पूर्ण नाव फक्त बिलावर येतं. बोलताना तो ‘जॉइंट’. गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांच्या हाउसिंगपर्यंत फेरे पोचवणारी ही पोकळ नळी, आणि तिच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा पोलादी ‘क्रॉस’. क्रॉसच्या चार टोकांवर चार टोप्या, टोप्यांच्या आत उदबत्तीच्या काडीएवढ्या जाडीच्या बारीक ‘सुया’. त्या सुयांवर सगळा भार.

दुकानाच्या भिंतीला ट्रकचे, टेम्पोचे, ट्रॅक्टरचे शाफ्ट बंदुकांसारखे टेकवून ठेवलेले. आत बॅलन्सिंगचं मशीन. त्यावर शाफ्ट फिरवतात, जड बाजू कुठली ते बघतात आणि समोरच्या बाजूला नळीवर पोलादाची छोटी चौकोनी चकती वेल्ड करतात. तुमच्या गाडीखाली वाकून पाहिलंत तर अशी एखादी चकती दिसेल. ती चुकून राहिलेली नसते, मुद्दाम लावलेली असते. एका हौशी मुलाने रंग देताना ती घासून सपाट केल्याची हकीकत मामा अजून सांगतात आणि सांगताना कपाळाला हात लावतात.

मामांनी जीप आत घ्यायच्या आधी काढलेले जुने क्रॉस मागितले. मालकाने डिकीतून पिशवी काढली. मामांनी एक क्रॉस फडक्याने पुसला आणि उन्हात धरून माझ्यासमोर केला. चकचकीत टोकावर एकाशेजारी एक बारीक रेघा उठल्या होत्या. छडीने मारल्यावर हातावर वळ उठतात, तशा. सुयांचे वळ. टोपीच्या कडेला गंजासारखी लाल भुकटी होती.

“ग्रीस संपलं, सुया कोरड्या चालल्या, की अशी भुकटी येती,” मामा म्हणाले. “पण तीन क्रॉस वर्षाच्या आत? क्रॉस वाईट न्हाई. त्याला बसवलंय वाईट.”

मला वाटलं, मग सरळ रेषेतच बसवावं, कोनच नको. यावर मामा पहिल्यांदा हसले. शाफ्ट अगदी सरळ असला तर सुया फिरतच नाहीत. एकाच जागी दबून राहतात आणि तिथेच खड्डे पाडतात. म्हणून अर्धा-एक अंश वाकडेपणा हवाच. शून्य हा या धंद्यातला चांगला आकडा नाही. लांबच्या रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांत तीनेक अंशांच्या आत ठेवला की क्रॉस सुखाने जगतो.

खडूच्या दोन खुणा

आता खरी गोष्ट. मामांनी दोन आखूड दांड्यांमध्ये एक क्रॉस बसवलेला तुकडा माझ्या हातात दिला. एक दांडी आडवी धर, दुसरी तिरकी, आणि आडवी हळूहळू फिरव. फिरवली. तिरकी दांडीही फिरली. पण एकसारखी नव्हे. मध्येच ती पुढे सरकायची, मध्येच रेंगाळायची. चढ लागल्यावर बैल मंदावतो आणि माथ्यावर आला की ओढ घेतो, तसं काहीसं. एका पूर्ण फेऱ्यात हे दोनदा होतं.

मामांच्या पोराने दोन्ही दांड्यांवर खडूने खुणा केल्या. तीस अंशांचा बाक ठेवला आणि इकडची दांडी पंचेचाळीस अंश फिरवली, तर तिकडची एकेचाळीस अंश फिरते. सुरुवात क्रॉसच्या दुसऱ्या बाजूने केली तर एकोणपन्नास. पूर्ण फेरा झाला की हिशेब चुकता होतो, एकही अंश कमी-जास्त राहत नाही. म्हणून तर गाडी चालते. पण फेऱ्याच्या आतल्या आत दोनदा उधारी आणि दोनदा वसुली होऊन गेलेली असते. आवाज त्या उधार-वसुलीचा.

हे कळलं त्याला साडेतीनशे वर्षं होत आली. क्रॉसवरच्या या जोडाला नाव चिकटलं ते जेरोलामो कार्दानो या सोळाव्या शतकातल्या इटालियन वैद्य-गणितीचं. म्हणून काही खोक्यांवर अजून ‘कार्डन शाफ्ट’ असतं. पण जोडाची ही चंचल चाल नीट ओळखली ती इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने. स्प्रिंगच्या ताणाचा नियम शाळेत आपण ज्याच्या नावाने शिकतो, तोच हा. १६७६ च्या पुस्तिकेत त्याने या जोडाला ‘युनिव्हर्सल जॉइंट’ म्हटलं. गंमत म्हणजे त्याला गाडी चालवायची नव्हती, सूर्यघड्याळ आखायचं होतं. सूर्य आकाशात एका लयीत सरकतो. पण आडव्या तबकडीवर त्याच्या सावलीच्या तासरेघा सारख्या अंतरावर पडत नाहीत, कुठे दाट कुठे विरळ पडतात. सावलीचा तो कमी-जास्त वेग आणि वाकलेल्या जोडाचा वेग यांचं गणित एकच. म्हणजे बागायतदाराच्या जीपखाली जे घूं करत होतं, ते तत्त्वतः सूर्यघड्याळ होतं. हे मी त्याला सांगितलं. त्याने मामांकडे पाहिलं.

मोटारीत हा जोड नीट रुजवला क्लॅरन्स स्पायसरने. तोवर अनेक गाड्या सायकलसारख्या साखळीवर चालत. साखळी आवाज करायची, धूळ खायची. कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या स्पायसरने जोडाला बंदिस्त आवरण देण्याचं पेटंट १९०३ साली मिळवलं आणि पुढच्या वर्षी कारखाना काढला. पुढे या जोडाचा पाया फार बदलला नाही. मामांच्या कपाटातला क्रॉस स्पायसरला दाखवला असता तर त्याने ओळखला असता.

रोटर उचलल्यावर

एका जोडाने बिघडलेली चाल दुसऱ्या जोडाने सुधारायची, ही युक्तीही जुनीच. शाफ्टच्या वरच्या टोकाला जेवढा कोन, तेवढाच खालच्या टोकाला ठेवायचा. वरचा क्रॉस जिथे पुढे पळवतो, तिथे खालचा तेवढंच मागे ओढतो. मधली नळी फेऱ्यात दोनदा हिसके खात राहते. पण चाकांकडे जातो तो गुळगुळीत फेरा. अट दोन. कोन सारखे हवेत आणि नळीच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉसला धरणारे दुहाती चिमटे, एकाच पातळीत हवेत. नळीच्या मध्ये लांबी कमी-जास्त होऊ देणारा दातेरी जोड असतो. ग्रीस करताना तो सोडला आणि परत बसवताना एक-दोन दाते इकडेतिकडे झाले की योकची पातळी मोडते. म्हणून दोन्ही तुकड्यांवर बाणाच्या खुणा असतात. गॅरेजमध्ये शाफ्ट उतरवताना त्या खुणा चिखलाखाली असतात आणि चिखल पुसायला कुणाला वेळ नसतो.

मालकाच्या चेहऱ्यावर अजून काही उमटत नव्हतं. तेव्हा मामांनी त्याच्या शेतातलं काढलं.

“रोटर चालवतोस का न्हाई? वळताना रोटर उचलला की काय हुतंय?”

“खडखडतंय.”

“मग काय करतोस?”

“पीटीओ बंद करतोय. न्हाईतर जॉइंट तुटतोय.”

“का तुटतोय?”

तो थांबला. पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा, अवजारांना ताकद देणारा फिरता दांडा. तिथून रोटाव्हेटरला फिरवणारा शाफ्ट हाच. तेच दोन क्रॉस, तीच मधली सरकती नळी. जमिनीत रोटर असतो तेव्हा दोन्ही कोन जवळपास सारखे आणि मर्यादेत. उचलला की शाफ्ट तिरपा होतो, रोटरचं तोंड वर फिरतं, कोन वाढतात आणि एकमेकांशी जुळत नाहीत. मिनिटाला ५४० फेरे असतात म्हणून नुसती खडखड ऐकू येते. जीपच्या शाफ्टला त्याच्या तिप्पट-चौपट फेरे पडतात, तिथे खडखडीचं घूं होतं.

“म्हंजे मी रोटर उचलूनच रस्त्यावर फिरायलोय,” तो म्हणाला.

माझ्या सूर्यघड्याळापेक्षा हे चांगलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

उंचीचा नाद

गाडी उचलतात कशासाठी? कारणं खरीही असतात. मोठे टायर बसवायला जागा लागते. मोठा टायर खड्ड्यात कमी अडकतो, खडकावर पोट घासत नाही, ओढ्याच्या काठावर बंपर टेकत नाही. पण ज्या चार इंचांचा आपण कौतुकाने फोटो काढतो, त्यांतल्या कितींचा उपयोग होतो आणि किती नुसते दाखवण्यापुरते, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या उचललेल्या गाड्यांपैकी बहुतेकांनी सर्वांत अवघड चढ पाहिलेला असतो तो मॉलच्या पार्किंगचा.

कायद्याचंही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातले तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलांपासून बदलतील असे फेरफार करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज या चिखलातल्या गाड्यांच्या स्पर्धा होत आल्या आहेत. तसल्या स्पर्धांना उतरणाऱ्या बऱ्याच गाड्या रस्त्यावर न उतरता ट्रकवर चढूनच येतात. स्पर्धेच्या चिखलात कंपाचा प्रश्नही वेगळा. ताशी पाच किलोमीटरला कसलं घूं? तिथे चाक लोंबकळलं की कोन इतका वाढतो, की योकचे कान एकमेकांवर टेकतात आणि क्रॉस सरळ मोडतो. रस्त्यावर कोन कुरकुरतो, चिखलात तो कडाडतो.

पठारावर गाड्या नेणाऱ्यांबद्दल एक वाक्य लिहितो आणि पुढे जातो: मसाई पठारासारख्या सड्यांवर जांभ्यावर वीतभरसुद्धा माती नसते आणि त्या मातीवर उगवणारं टायरखाली एकदा गेलं की गेलं.

तर उंची. जीपची जात मुळातच आखूड. मुंबईत १९४७ साली विलीज जीपची जुळणी सुरू झाली, तेव्हापासून आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांच्या जीपना पुढच्या-मागच्या चाकांमध्ये फार जागा नव्हती. जुन्या सीजे थ्री-बी मध्ये ते अंतर ८० इंच, म्हणजे दोन मीटरच्या जरासं वर. त्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद दोन चाकांना द्यायची की चार हे ठरवणारा मागचा खोका. एवढं सगळं बसवल्यावर मागच्या शाफ्टला उरतं काय? हातभर. आणि इथेच सगळी मेख आहे. मीटरभर लांब शाफ्टचं एक टोक चार इंच उचललं तर उतार पावणेसहा अंशांनी वाढतो. अर्ध्या मीटरच्या शाफ्टला तेच चार इंच साडेअकरा अंशांना पडतात. लांब शिडी भिंतीला टेकवणं आणि स्टूल टेकवणं यातला फरक.

शिवाय कोन दुप्पट झाला की चालीतली गडबड दुप्पट नाही, चौपट होते. चार अंशांना वेग पाव टक्क्याने इकडेतिकडे, आठला एक टक्का, सोळाला चार. म्हणून दोन इंच उचलणारा सांगतो, काही होत नाही रे. चार इंचवाला त्याच्यावर विश्वास ठेवतो.

जिप्सीवाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नाही, सुटा टांगलेला. त्यामुळे गिअरबॉक्स ते ट्रान्सफर केस एक छोटा शाफ्ट, मग पुढे एक, मागे एक. तीन शाफ्ट, सहा क्रॉस, संशयित भरपूर. मामांच्या शब्दांत, “जिप्सी आली की दुपारचं जेवण लांबतंय.”

एकेक काढून बघणं

निदानाला मामांनी कुठलंही यंत्र लावलं नाही. आधी गाडी स्वतः चालवली. पहिल्या गिअरला उचलताना थरथरली, तेव्हा मान हलवली. बासष्टला घूं धरलं, तिथे गिअर न्यूट्रल केला. घूं बरंच उतरलं. परत ताकद दिली, परत चढलं. शाफ्ट नुसता बॅलन्सला चुकलेला असता तर त्याला ताकदीशी देणंघेणं नसतं, फक्त वेगाशी असतं. इथे ताकदीबरोबर आवाज बदलत होता. ताकद लागली की चाकांची प्रतिक्रिया मागच्या हाउसिंगला मागे पिळते, पाटे वाकतात, पिनियनचं, म्हणजे शाफ्ट हाउसिंगला जिथे जोडतो त्या दांड्याचं, नाक वर उचललं जातं. म्हणजे कोन बदलतो. बोट तिथे गेलं.

मग काढाकाढी. आधी पुढचा शाफ्ट उतरवला, कारण या जीपला पुढची चाकं सुटी करणारे हब नव्हते आणि पुढचा शाफ्ट कामाशिवाय सतत गरगरत होता. चालवली. घूं तसंच. पुढचा परत बसवला, आता मागचा. त्याआधी मामांनी पोराला ओरडून सांगितलं, “दगूड लाव!” जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांत नसतो; ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्ट जिथे सुरू होतो तिथल्या ड्रमवर असतो. मागचा शाफ्ट काढला की हँडब्रेक आणि मागची चाकं यांचं नातं तुटलं. दांडा कितीही ओढा. उद्यमनगरात मामांच्या दुकानासमोरच्या रस्त्याला जरा उतार आहे, त्यामुळे हे ज्ञान त्यांना पुस्तकातून मिळालेलं नसावं.

मागच्या शाफ्टशिवाय, फोर-व्हील लावून, फक्त पुढच्या चाकांवर जीप बाहेर पडली. साठ, बासष्ट, पासष्ट. आरशात एसटी एकच दिसत होती. मालकाला भरून आलं असावं, कारण तो बोलला नाही.

मी आधीच्या फेरीत एक उद्योग करून ठेवला होता. माझ्या फोनवर तंबोरा जुळवण्याचं ॲप आहे. बासष्टला ते सीटखाली धरलं, तर काटा काळी एकच्या खर्जावर येऊन थांबला. हिशेब नंतर केला तो असा: ३१ इंची टायर, चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे साधारण पाच. बासष्टच्या वेगाला शाफ्ट सेकंदाला पस्तीसेक फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात दोन हिसके, म्हणजे सेकंदाला एकोणसत्तर-सत्तर. काळी एकच्या तंबोऱ्याची खर्जाची तार तिथेच बोलते. नुसत्या बॅलन्सचा दोष असता तर फेऱ्याला एकच हिसका आणि स्वर बरोबर एक सप्तक खाली. टायरचा असता तर इतका खाली की तो ऐकू न येता नुसता जाणवला असता. अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात जीपही खर्ज लावून बसते, असं मी म्हणालो. मामा म्हणाले, “लावू दे. पण सुरात न्हाई.”

कंपासपेटीतला कोनमापक

मोजायचं साधन बघून मी थक्क झालो. शाळेच्या कंपासपेटीतला प्लास्टिकचा अर्धगोल कोनमापक, मधल्या भोकातून ओवलेला दोरा, दोऱ्याला टांगलेला नट. गवंड्याचा ओळंबाच. सपाट बाजू योकच्या तोंडावर किंवा नळीवर टेकवायची, नट स्थिर होईपर्यंत श्वास रोखायचा, दोरा कुठल्या आकड्यावर ते वाचायचं. मामांच्या पोराकडे फोनवर हेच मोजणारं ॲप होतं. दोघांत अर्ध्या अंशाचा फरक आला आणि दोघांनीही आपापलं बरोबर धरलं.

गाडी चाकांवरच उभी हवी, जॅकवर नाही. लोंबकळत्या हाउसिंगचा कोन घेऊन उपयोग नाही. आकडे असे निघाले. ट्रान्सफर केसचं तोंड मागे तीन अंश खाली झुकलेलं. शाफ्टचा उतार सतरा. म्हणजे वरच्या क्रॉसला चौदा अंश. पिनियनही तीनच अंशांच्या उतारावर असतं तर खालच्या क्रॉसलाही चौदा पडले असते आणि निदान जमाखर्च जुळला असता. पण पिनियन नऊवर होतं. कुणीतरी ते वर वळवलं होतं. खालच्या क्रॉसला आठच अंश. वरचा तीन टक्के बिघडवतो, खालचा एक टक्का दुरुस्त करतो. उरलेले दोन टक्के चाकांकडे, पत्र्याकडे आणि गणपतीकडे.

‘कुणीतरी’ सापडलं लगेच. पाटा आणि हाउसिंग यांच्या मध्ये पोलादाची सहा अंशांची पाचर होती. मालकाने स्वतःच बसवून घेतलेली. उचललेल्या गाडीत पिनियनचं नाक शाफ्टच्या रोखाने वर करायचं, असा सल्ला त्याला मिळाला होता. सल्ला खोटा नाही, हीच तर पंचाईत. तो डबल कार्डन शाफ्टसाठी आहे. त्यात वरच्या टोकाला दोन क्रॉस पाठीला पाठ लावून एका पिंजऱ्यात बसवतात, मध्ये दोघांना तोलून धरणारी गोळी असते. मोठा कोन ते दोघे आपसात निम्मा-निम्मा वाटून घेतात आणि तिथल्या तिथे एकमेकांची चूक पुसतात. मग खालच्या क्रॉसला काही करायला उरत नाही, त्याला जवळपास सरळ ठेवायचं. म्हणून नाक वर. पण याच्या गाडीत वर एकच क्रॉस होता. दोन दवाखान्यांच्या चिठ्ठ्या एकत्र केल्या की असंच होतं.

“मग डबलवालाच बसवू,” मालक म्हणाला. मामांनी हाताने लांबी दाखवली. तो दुहेरी जोडच एवढा लांब, की हातभर शाफ्टमध्ये तो बसवल्यावर उरलेली नळी वीतभर. तिचा उतार आणखी वाढणार. मग नुसती पाचर काढून चौदा-चौदा करू? जमाखर्च जुळेल, पण मधली नळी तीन टक्क्यांचे हिसके खातच राहील. तिचं स्वतःचं वजन तिला थरथरवेल, आणि क्रॉस चार महिन्यांत परत पिशवीत. ट्रान्सफर केस खाली उतरवू? उतरेल, दोन्ही कोन कमी होतील. पण ज्या पोटासाठी गाडी उचलली तेच पोट परत खडकाकडे. पुढच्या बाजूलाही हात लावता येत नव्हता. पुढच्या हाउसिंगचं नाक वर वळवलं की स्टिअरिंगची चाकं ज्या कलत्या खुंटावर वळतात त्याचा कल जातो. सायकलचा चिमटा तिरका असतो म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ धावते. तो चिमटा उभा केला तर? जीप हमरस्त्यावर गाढवासारखी इकडेतिकडे बघत जाईल. पुढच्या बाजूला कंप सोसावा, स्टिअरिंग नाही, हे मामांचं ठाम मत, आणि मला ते पटतं.

उरला एकच मार्ग. मालकाला तो कळला होता, म्हणून तो चहा सांगायला बाहेर गेला.

पाचर

चार इंच आले होते दोन वाटांनी: जादा कमानीचे पाटे आणि लांब शॅकल. शॅकल म्हणजे पाट्याचं मागचं टोक टांगणारी पट्टी. ती फक्त एका टोकाला असते, त्यामुळे चार इंच लांब केली तर गाडी दोनच इंच वर जाते. दुकानदार चार सांगतो. मामांनी चहा संपेपर्यंत वाट पाहिली आणि शॅकल परत मूळच्या मापाच्या घालायच्या असं सांगितलं. मालक बराच वेळ शेजारच्या गल्लीत उभ्या असलेल्या दुसऱ्या एका उंच जीपकडे बघत होता. त्या जीपशी त्याचं काय होतं ते मी विचारलं नाही.

काम दीड दिवस चाललं. गंजलेल्या यू-बोल्टवर घण पडले. सहा अंशांची पाचर निघाली. शॅकल बदलली की हाउसिंगही किंचित फिरतं, म्हणून कोनमापक परत लागला. आता शाफ्टचा उतार अकरा, वरचा क्रॉस आठ. मामांनी पोराला एक अंशाची नवी पाचर घासायला लावली आणि ती उलटी बसवली. त्यामुळे पिनियन तीनऐवजी दोन अंशांवर आलं. उभ्या गाडीत खालचा क्रॉस नऊ. मला वाटलं, एका अंशाची चूक राहिली. चूक नव्हती. ताकद लागली की नाक तेवढं वर येणार आणि चालत्या गाडीत आठला आठ. उभ्या गाडीत जुळवलेलं धावताना जुळत नाही, हे ते पाचर घासून सांगत होते. आठ अंश तरी काही कमी नाहीत. क्रॉसला दर महिन्याला ग्रीस आणि वर्षा-दोन वर्षांनी नवा क्रॉस, एवढं मान्य करूनच घ्यायचं.

जाता जाता त्यांनी सरकता जोड ओढून पाहिला. गाडी उंच असताना तो सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बाहेर आलेला होता, एवढ्या जागेवर दाते कोरडे आणि तांबूस. आता आत गेला. बाणासमोर बाण आणला, आणि बाणांवर पिवळा रंग मारला. पुढच्या गॅरेजवाल्यासाठी.

कागलच्या दिशेने आम्ही तिघे निघालो. पन्नास. पंचावन्न. मालक ओठ आवळून. साठ. मी फोन सीटखाली धरला होता; काटा कुठेच थांबेना, इंजिन आणि वारा यांच्यात भटकत राहिला. बासष्ट. आरशात मागचा उसाचा ट्रॅक्टर त्याच्या दोन्ही ट्रॉल्यांसह दिसला, दोऱ्यांसकट. गणपती स्थिर.

सत्तरला मालकाने मान तिरकी केली. “मामा, हे काय वाजतंय? डाव्या बाजूला.”

मामा मागच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. “दरवाजाचं बिजागर.”

“हे नवीन हाय.”

“जुनं हाय. आता ऐकाय आलंय.”